जुने ते सोने, की जुने ते सरपण?

आपण मराठी माणसे इतिहासवेडी आहोत, अशी आपली आपल्याविषयी एक आवडती समजूत आहे. ती अगदीच खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. दिवाळी जवळ आली की अजूनही पोरे दगडमाती गोळा करून किल्ला रचतात, त्यावर अळीव नि मोहरी पेरतात आणि मावळ्यांच्या जागा ठरवताना भांडतात. २०२५च्या जुलैत युनेस्कोने आपले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतली जिंजी. ती बातमी वाचून तुमच्यासारखीच माझीही छाती फुगली.

पण वाचकहो, त्याच वर्षी आपापल्या गावात किती जुने वाडे पडले, किती विहिरी बुजल्या आणि किती देवळांच्या काळ्या दगडावर तैलरंगाचे हात चढले, हे कोणी सांगू शकेल काय? नाही सांगू शकणार. कारण ते कोणी मोजलेलेच नाहीत. जे मोजलेले नाही, ते गेल्याचे कळत नाही. आणि जे गेल्याचेच कळत नाही, त्याचे सुतक कोण पाळणार? माझे आजचे भांडण एवढ्याशाच गोष्टीवरून आहे.

आपले इतिहासप्रेम डोंगरावर राहते. ते खाली गावात उतरायला तयार नाही, आणि यामागचे कारण फार उदात्त नाही. किल्ल्याच्या माथ्यावरची जागा कुणाला सदनिका बांधण्यासाठी नको असते. बाजारपेठेतल्या वाड्याखालची जागा मात्र सर्वांना हवी असते. जिथे जमिनीला भाव नाही तिथे आपण अभिमान बाळगतो, आणि जिथे भाव आहे तिथे व्यवहार बघतो. हे बोलायला कडू आहे खरे, पण फराळाच्या ताटातही चिरोट्याशेजारी मिरचीचा ठेचा चालतो, म्हणून बोलतो.

उदाहरणासाठी दूर जायला नको. माझी उभी नोकरी वाईत गेली. वाई म्हटले की बाहेरच्या माणसाला कृष्णेचा घाट आणि ढोल्या गणपती आठवतो. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी ते देऊळ बांधले. त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती केलेली आहे, ती पुराचे पाणी दोन अंगांनी फाटून जावे म्हणून. अडीचशेहून अधिक पावसाळे कृष्णामाई त्या भिंतीवर आपटते आहे आणि गणपती आपल्या जागी स्वस्थ आहे. कुणा अभियांत्रिकी महाविद्यालयाची पदवी नसलेल्या गवंड्यांनी हे साधले. तीन किलोमीटरवर मेणवली आहे. तिथे नाना फडणविसांचा चौकाचौकांचा वाडा, त्याच्या भिंतींवरची चित्रे, नदीचा घाट, आणि घाटावर १७३९च्या वसईच्या मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीजांची घंटा. २००४ सालच्या ‘स्वदेस’ चित्रपटात हा परिसर साऱ्या जगाने पाहिला.

या दोघांची मला काळजी नाही. ढोल्या गणपतीला भक्तांची तूट नाही आणि मेणवलीला कॅमेऱ्यांची. माझी काळजी आहे ती गंगापुरी, मधली आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह या आळ्यांतल्या घरांची. आणि वाई हे नुसते निमित्त. तुमचे गाव पैठण असेल, जुन्नर असेल, सासवड, चांदवड किंवा राजापूर असेल. तिथेही असेच एक मोठे देऊळ असेल, ज्याचे छायाचित्र दिनदर्शिकेवर येते. आणि त्याच्या पाठीमागे पन्नास-शंभर अनामिक वास्तू असतील, ज्यांचे छायाचित्र फक्त नगरपालिकेच्या ‘धोकादायक इमारत’ या नोटिशीबरोबर निघते. गाव म्हणजे एकटे देऊळ नव्हे. शालूचा पदर जपून ठेवायचा आणि शालू मात्र भांडीवालीला द्यायचा, याला कोणी शहाणी गृहिणी जपणूक म्हणणार नाही.

असाच एक वाडा पाडताना मी पाहिला आहे. मालकाचे नाव सांगत नाही, कारण दोष त्यांचा एकट्याचा नव्हे. दिंडी दरवाजा, दोन चौक, सागवानी खांब, खांबांवर केळफुले, मधल्या माजघराला अंगचे बळद. पाडकामाच्या ठेकेदाराने मला हिशेब समजावून सांगितला, आणि तो अगदी सरळ माणूस होता. कोरीव खांब नगावर जातात, ते पर्यटकांच्या हॉटेलांत शोभेला उभे राहतात. साध्या तुळया घनफुटावर जातात. भाजक्या विटा पुन्हा चालतात. ‘आणि गुरुजी, उरलं ते सरपण!’ असे म्हणून तो हसला. आपल्या ‘जुने ते सोने’ या म्हणीचा उत्तरार्ध मला त्या दिवशी कळला. वाडा सोनेही होता आणि सरपणही होता. फक्त घर तेवढा राहिला नव्हता.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. ते अगदीच पोकळ नाही, म्हणून एकेक करून घेऊ.

पहिला आक्षेप मालकांचा. ते म्हणतात, ‘तुम्हाला रस्त्यावरून बघायला वाडा छान वाटतो. आत राहून दाखवा. पावसाळ्यात सात ठिकाणी गळते, संडास परसात आहे, आणि सातबाऱ्यासारखी लांबलचक वारसांची यादी आहे. भाडेकरू देतो ते भाडे, आणि कौले फिरवायला लागतात ते पैसे, यांचा मेळ एकदा घालून दाखवा.’ यातला शब्दन् शब्द खरा आहे. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने गोठवलेली भाडी पुढे पिढ्यान् पिढ्या तशीच राहिली. १९९९ साली नवा कायदा आला, पण तोवर मालकाची दुरुस्तीची उमेद आणि भाडेकरूची आपुलकी दोन्ही आटून गेली होती. मालकाला ‘तुम्ही इतिहास विकता’ असे म्हणून हिणवणाऱ्यांपैकी मी नाही. इतिहास सर्वांचा आणि कौले एकट्याची, हा न्याय नव्हे. पण यातून ‘वाडा पाडा’ हा निष्कर्ष निघत नाही. यातून निघते ते एवढेच की, ज्या वास्तूचा गावाला अभिमान आहे तिच्या खर्चाचा वाटा गावाने उचलला पाहिजे. घरपट्टीत सूट द्या, न वापरता आलेल्या बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरू द्या, दुरुस्तीला कमी व्याजाने कर्ज द्या. संडास आणि नळ आत आणायला कोणी मनाई केलेली नाही. जतन म्हणजे आजीला लुगडे नेसवून काचेच्या कपाटात बसवणे नव्हे. तिला चष्मा करून द्यावा, गुडघ्यांना तेल लावावे आणि घरातच राहू द्यावे.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. ‘हे वाडे कुणाचे? सरदारांचे, सावकारांचे. आमच्या आज्याला त्या दिंडी दरवाजाच्या आत पाऊल टाकू दिले नाही. तो पडला तर आम्ही का रडावे?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करू नये. त्याच्यासमोर कागद-पेन्सिल ठेवावी आणि म्हणावे, ‘मग तुमची यादी सांगा.’ कारण ऐतिहासिक वास्तू म्हणजे नक्षीचे खांब, ही व्याख्याच मुळात अपुरी आहे. महाडचे चवदार तळे पाहा. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची माणसे त्या तळ्याचे पाणी प्यायली, आणि कोकणातल्या एका लहान गावचे ते तळे देशाच्या इतिहासात गेले. त्याचे मोल दगडाच्या कोरणीत नाही, तिथे जे घडले त्यात आहे. प्रत्येक गावात लहान प्रमाणावर अशा जागा असतात. मजुरांची पहिली सभा जिथे भरली ते मैदान, मुलींना पहिल्यांदा अक्षर दाखवणारी खोली, तालीम, दर्गा, विणकरांची आळी, तमाशाचा फड उतरायचा ती धर्मशाळा, स्वातंत्र्यचळवळीतला भूमिगत जिथे लपला ती गोठ्यावरची माडी. या यादीत सावकाराचा वाडा असेल आणि त्याच्या मागची, दोन घाट्यांनी वेगळी केलेली पाणवठ्याची वाटही असेल. वाडा पाडलात तर त्या अन्यायाचा पुरावाही पाडलात, हे विसरू नका.

तिसरा पक्ष सरकारी. तो म्हणतो, ‘कायदे आहेत की!’ आहेत, आणि भरपूर आहेत. घटनेच्या ५१ (अ) या कलमाने तर वारशाची जपणूक हे तुमचे-माझे मूलभूत कर्तव्य ठरवले आहे. १९५८चा केंद्राचा कायदा राष्ट्रीय महत्त्वाच्या, शंभर वर्षे झालेल्या वास्तूंसाठी आहे. १९६०चा महाराष्ट्राचा कायदा राज्याच्या स्मारकांसाठी आहे. पण माझ्या आळीतले घर राष्ट्रीय महत्त्वाचे नाही आणि राज्याच्याही नाही. ते गावाच्या महत्त्वाचे आहे. त्याचे काय? त्याचीही सोय आहे. १९६६च्या नगररचना कायद्याप्रमाणे गावाच्या विकास आराखड्यात ऐतिहासिक वास्तू आणि परिसर यांच्या जतनाची तरतूद करता येते. १९९५ साली मुंबईने वारसा वास्तूंची नियमावली केली, इमारतींच्या श्रेणी ठरवल्या आणि त्या देशाला घालून दिल्या. मुंबईला जे साधले ते वाईला, चांदवडला का साधू नये? साधत नाही, कारण कायदा नेहमी यादीकडे बोट दाखवतो, आणि यादी कोणी केलेली नसते.

आणि यादी केली तरी सांभाळावी लागते. २०१३ साली देशाच्या महालेखापरीक्षकांनी केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकांपैकी १,६५५ ठिकाणे प्रत्यक्ष जाऊन पाहिली. त्यांतली ९२ जागेवर सापडलीच नाहीत! पण वाचकहो, ही ९२ हरवली हे कळले तरी कशावरून? ती यादीत होती म्हणून. यादीत नसलेल्यांची चोरी झाली तर फिर्यादसुद्धा नोंदवता येत नाही.

१८८५ साली जेम्स बर्जेस याने मुंबई इलाख्यातल्या प्राचीन अवशेषांची यादी छापली. १८९७ साली हेन्री कझिन्स याने ती सुधारून पुन्हा काढली. परक्या सरकारचे दोन अधिकारी, ना रेल्वे सर्वत्र, ना मोटार. तरी त्यांनी गावोगावची देवळे, लेणी, शिलालेख टिपून ठेवले. आपल्या खिशात आज प्रत्येकाच्या छायाचित्रे काढणारा फोन आहे. त्यात आपण घाटावर उभे राहून स्वतःचेच चित्र काढतो. घाट मागे अंधूक येतो. वाईच्याच बाबतीत मला याची अधिक लाज वाटते. याच गावात बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोश उभा राहिला. १९७६ साली त्याचा पहिला खंड निघाला. ज्या गावाने जगातल्या ज्ञानाची अकारविल्हे नोंद केली, त्या गावाला आपल्या सात आळ्यांतल्या घरांची नोंद जड जावी? गावातल्या सर्व जुन्या वास्तूंची, कुणालाही वाचता येईल अशी यादी तुमच्या नगरपालिकेच्या भिंतीवर टांगलेली तुम्ही पाहिली आहे काय?

चौथा पक्ष सर्वांत धोक्याचा, कारण तो आमच्याच बाजूचा आहे. ही मंडळी वास्तू जपायला निघतात आणि तिचा जीव घेतात. देवळाचा दगड काळा पडला म्हणून त्याला तैलरंग फासतात. ओवरीला चकचकीत फरशी घालतात. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करतात आणि कोनशिलेवर ‘जीर्णोद्धार’ असे कोरतात. केवढा सुंदर शब्द आणि केवढी त्याची विटंबना! जीर्णाचा उद्धार म्हणजे झिजलेल्याला वर उचलणे. आम्ही झिजलेल्याला उचलून उकिरड्यावर टाकतो. जुन्या भिंतीचा स्वभाव समजून घ्यायला हवा. ती ओल शोषते आणि उन्हाळ्यात बाहेर सोडते. चुना तिला श्वास घेऊ देतो. सिमेंट तो श्वास कोंडते. मग ओल आतच राहते, क्षार फुगतात, विटा भुरभुरतात, भिंतीत शिरलेले तुळईचे टोक कुजते, आणि एक दिवस माडी खाली येते. मग लोक म्हणतात, जुनेच बांधकाम, पडणारच! खांबाखाली दगडाचा तळखडा का ठेवत, घाणीत चुना दिवसचे दिवस का मळत, हे ठाऊक असणारे गवंडी आता गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. वास्तूंच्या यादीबरोबर त्यांचीही यादी करा. तीही जीर्ण होत चालली आहे.

उशीर केला म्हणजे काय होते, याचा दाखला पुण्याने दिला आहे. १८४८ साली बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. त्या जागेचे मोल कुणाला पटवून द्यावे लागू नये. तरीही वर्षानुवर्षे कज्जे चालले, वाडा खचत गेला, आणि २०२३च्या डिसेंबरात जागा ताब्यात आली ती मोडकळीला आलेली इमारत पाडण्यासाठी. आता तिथे भव्य स्मारक होईल. ते व्हायलाच हवे, माझा त्याला विरोध नाही. पण ज्या उंबरठ्यावरून त्या पहिल्या मुली आत गेल्या, तो उंबरठा आता कोणते स्मारक परत आणणार? आपली रीतच अशी झाली आहे की आधी वास्तू मरू द्यायची आणि मग तिच्या जागी तिचा पुतळा उभारायचा. जिवंतपणी आईला औषध नाही आणि मेल्यावर तेराव्याला गावजेवण!

एवढे भांडलो, आता करायचे काय ते सांगणे माझ्यावर आहे. मला समिती नको, उद्‌घाटन नको आणि हार-तुरे तर नकोतच. एक साधी वही हवी. शाळेतल्या वरच्या वर्गांतल्या मुलामुलींचे पाच-पाचांचे गट करा आणि एकेका गटाला एकेक आळी वाटून द्या. प्रत्येक जुन्या वास्तूला वहीचे एक पान. त्यावर एवढेच लिहायचे: लोक तिला कोणत्या नावाने ओळखतात, कुठे आहे, साधारण केव्हाची, दगड-वीट-लाकूड-माती यांपैकी कशाची, आज तिचा उपयोग काय, प्रकृती कशी, आणि तिच्याविषयी सांगितली जाणारी हकीकत. शेवटी चारी बाजूंनी छायाचित्र. मालकाची परवानगी आधी घ्यावी आणि त्याचा चहा नाकारू नये. नंतर गावातल्या जाणत्यांनी ती पाने तीन ढिगांत वाटावीत: काही झाले तरी हात लावू नये अशी, दर्शनी भाग राखून आत सुधारता येईल अशी, आणि टिकणारच नसतील तर निदान मोजमापे, नकाशा, चित्रे करून मग निरोप द्यावा अशी. तिसरा ढीग असू द्या. सगळेच राखा म्हणणाऱ्याचे कोणी काहीच ऐकत नाही, आणि ते बरोबरच आहे. गावाला दवाखाना हवा, रस्ता हवा, नव्या सुनेला स्वयंपाकघर हवे. पण जे जाईल ते ओळखून, नाव घेऊन जावे; बेवारस जाऊ नये.

मग ही वही नगरपालिकेपुढे ठेवा. सभागृहात ठराव करून ती स्वीकारायला लावा आणि विकास आराखड्यात घालायला लावा. ठराव होत नसेल तर कोणत्या सभासदाने हात वर केला नाही, ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. इतिहास लिहायचाच आहे, तर तोही लिहू.

हे काम याच सुटीत सुरू होऊ शकते, कारण आत्ता गावाची माणसे गावात आहेत. मुंबई-पुण्याची मंडळी आली आहेत, लेकी माहेरी आल्या आहेत, परदेशातला पुतण्या दोन आठवड्यांची रजा काढून आला आहे. फराळ झाला की घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. शक्यतो आजीजवळ, आजोबा इतिहास सांगतील, आजी घर सांगेल. कोणत्या खोलीत बाळंतपणे व्हायची, पुराचे पाणी कुठल्या पायरीपर्यंत आले होते, दुष्काळात बळदातले धान्य कुणाकुणाला वाटले, कोणत्या दाराने कोण येत आणि कुणाला त्या दाराने येऊ देत नसत. ती बोलू लागली की मध्ये बोलू नका. लिहून घ्या. जिने हे सारे पाहिले ती पुढच्या दिवाळीला असेलच, असा भरवसा कुणी द्यावा?

वही कोणत्याही दुकानात मिळते. शंभर पानी पुरेल. पुरली नाही, तर ती गावाच्या भाग्याची गोष्ट समजा आणि दुसरी आणा.